टॅरँट्युला पाळताय? आधी हात आवरा

माझी पहिली टॅरँट्युला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, घरी येऊन चार महिने झाले होते. एका सकाळी पेटीत डोकावले तर बाईसाहेब पाठीवर आडव्या, आठही पाय वर. मेली असं समजून मी काडीने हलवून पाहिलं. एक पाय किंचित थरथरला, म्हणून घाईघाईने तिला सुलटं करायला गेले. ती मेली नव्हती, आजारीही नव्हती. कात टाकत होती. माझ्या त्या मदतीत तिचा एक पाय जुन्या कातीत अडकून तुटला.

ती जगली. पुढच्या दोन कातींत पायही परत आला, आधी बारीक काडीसारखा, मग पुरता. त्यानंतर मी बरेच कोळी पाळले, इतरांचेही पाहिले. माझं मत असं की घरातले टॅरँट्युला आजारापेक्षा मालकाच्या काळजीने जास्त दगावतात: जास्त पाणी, जास्त ऊब, जास्त खाऊ, जास्त हात. म्हणून या लेखात ‘काय करायचं’ जितकं आहे, तितकंच ‘काय करायचं नाही’ हेही आहे.

१. कोणता कोळी, हे आधी ठरवा

टॅरँट्युलांच्या हजाराहून जास्त जाती ज्ञात आहेत. नवख्याने त्यांची एकच मोठी विभागणी लक्षात ठेवावी: अमेरिका खंडांतले आणि उरलेल्या जगातले, म्हणजे आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियातले.

अमेरिकेतल्या बहुतेक जातींच्या पोटावर खाजरे केस असतात. चिडला की कोळी मागच्या पायांनी ते झाडून हवेत उडवतो. खाजकुईलीच्या शेंगेवरची लव ज्यांना माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको. या जातींचं विष तुलनेने सौम्य असतं. आफ्रिका-आशियातल्या जातींकडे हे केस नसतात, त्यामुळे त्या थेट चावायला धावतात. त्यांचा वेग डोळ्यांना झेपत नाही आणि विष तीव्र असतं. टॅरँट्युलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही, पण पोईसिलोथेरिया प्रजातीच्या दंशानंतर स्नायूंमध्ये पेटके येतात आणि ते काही दिवस परत परत येत राहतात. ऑस्ट्रेलियातल्या टॅरँट्युलांच्या दंशाने पाळीव कुत्री मेल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा पहिला कोळी निळाजांभळा, चमकदार आणि झाडावरचा हवा असा हट्ट धरू नका.

सुरुवातीला या तिघांपैकी एक घ्या:

- कुरळ्या केसांचा ट्लिल्टोकाट्ल अल्बोपिलोसस. शांत, काटक, खाण्यात फारसा मान न मागणारा.
- ब्राझीलचा काळाभोर ग्रामोस्टोला पल्क्रा. वाढ अतिशय सावकाश, स्वभाव त्याहून सावकाश.
- मेक्सिकोचा लालगुडघ्या ब्राकीपेल्मा हमोरी. देखणा, मात्र केस उडवण्यात उदार. हा कित्येक वर्षं ‘स्मिथी’ या नावाने विकला जात होता, त्यामुळे जुन्या लिखाणात नावांचा घोळ दिसेल.

नर की मादी हा प्रश्न नवखे विचारत नाहीत आणि मग रडतात. या जातींतल्या माद्या वीस-वीस वर्षं जगू शकतात. नर मात्र शेवटची कात टाकून प्रौढ झाला की काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं. प्रौढ नर ओळखायची खूण म्हणजे तोंडाजवळच्या दोन आखूड स्पर्शपादांची टोकं मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखी फुगलेली दिसतात. ‘पूर्ण वाढलेला, स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं तर आधी ती टोकं बघा. आणि मादी घेत असाल तर वीस वर्षांचा हिशेब आजच करा.

२. कागद आणि प्रश्न

बरेच टॅरँट्युला जंगलातून पकडून विकले जातात. त्यात त्या जातीचं नुकसान आहेच, शिवाय तुमचंही आहे: असा कोळी परजीवी घेऊन येऊ शकतो आणि त्याचं वय कुणालाच ठाऊक नसतं. ब्राकीपेल्मा ही सगळी प्रजाती वन्यजीव व्यापाराच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे; पोईसिलोथेरिया २०१९ मध्ये त्यात आली. म्हणजे त्यांची आंतरराष्ट्रीय ने-आण परवान्याशिवाय होत नाही. यावर प्रत्येक देशाचे स्वतःचे कायदे. कुठे नोंदणी लागते, कुठे पाळायलाच बंदी असते. विक्रेता ‘काही लागत नाही’ म्हणाला तरी आपल्या वनखात्याकडे किंवा वन्यजीव विभागाकडे स्वतः चौकशी करा.

विकत घेताना हातात हे असावं:

- पूर्ण शास्त्रीय नाव लिहिलेली पावती. नुसतं ‘काळा टॅरँट्युला’ चालणार नाही.
- बंदिवासात जन्मल्याचं लेखी निवेदन.
- परदेशातून आलेला असेल तर आयातीच्या परवान्याची प्रत.
- तुमच्या देशात लागत असेल तर नोंदणीचा कागद.
- शेवटची कात कधी टाकली आणि शेवटचं कधी खाल्लं, या दोन तारखा.

पाचवी गोष्ट कायद्याची नाही, पण विक्रेता कसा आहे ते तिच्यावरून कळतं. ज्याला या तारखा सांगता येत नाहीत, त्याच्याकडून मी घेत नाही.

३. पेटी कोळी यायच्या आधी तयार हवी

साहित्य फारसं लागत नाही:

- काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची, घट्ट झाकणाची पेटी
- कोकोपीट किंवा खत-औषध न घातलेली माती
- लपायला सालीचा तुकडा किंवा अर्धी कुंडी
- पाण्यासाठी उथळ वाटी
- लांब चिमटा, मऊ ब्रश, पकडायला पारदर्शक डबा
- हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा

पेटीची लांबी-रुंदी कोळ्याच्या पाय पसरलेल्या मापाच्या अडीच-तीन पट पुरते. खरी मेख उंचीत आहे. जमिनीवर राहणारा टॅरँट्युला भिंतीवर चढतो, पण वजनदार असल्यामुळे तिथून घसरतो. त्याचं पोट म्हणजे पाण्याने भरलेला फुगाच. पडून फुटलं की बहुधा खेळ संपला. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या मापाच्या दीडपटीहून जास्त ठेवू नका. मोठी पेटी आणलीच असेल तर माती जास्त भरा. त्याला बीळ खणायला मिळतं आणि पडण्याचं अंतरही कमी होतं. वाटीशेजारी टोकदार दगड, शोभेचे शंख असलं काही ठेवू नका, त्यावर पडला तर पोट फाटतं.

जाळीचं झाकण हा दुसरा सापळा. पायांच्या टोकाची बारीक नखं जाळीत अडकतात, कोळी लोंबकळतो आणि सुटायच्या धडपडीत पाय गमावतो. त्यापेक्षा प्लास्टिकच्या झाकणाला आणि बाजूंना बारीक भोकं पाडा. पिल्लू असेल तर भोक त्याच्या पोटापेक्षा लहान हवं. पिल्लं कुठून निसटतात हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

माती हाताने दाबून बसवा, नाहीतर बीळ ढासळतं. वाळू आणि देवदार-पाइनचा भुसा नको. झाडावर राहणाऱ्या अविक्युलारियासारख्या जातींचं गणित उलटं असतं: पेटी उभी, आत सालीचा उभा तुकडा, आणि समोरासमोरच्या भिंतींना भोकं, म्हणजे हवा आरपार खेळेल. या जातीची पिल्लं कोंदट डब्यात पटापट मरतात आणि मालक म्हणतो, ‘ओलावा तर भरपूर ठेवला होता!’

४. पाणी, ओल, ऊब

वाटीत पाणी कायम हवं, वाळवंटी जातीलाही. टॅरँट्युला तोंड टेकवून पाणी पितो. त्यात स्पंज घालू नका, तो कुजतो आणि जंतूंचं घर होतो. कोळी वाटीत माती लोटेल, वाटी उलटी करेल, तिच्यावर जाळं विणेल. तुम्ही मुकाट्याने पुन्हा भरायची. अगदी लहान पिल्लाला बाटलीचं झाकणही मोठं पडतं. त्याच्यासाठी भिंतीवर दोन थेंब टाका.

पाण्याचं एवढं महत्त्व का, तर टॅरँट्युला पाय आत ओढतो स्नायूंनी, पण लांब पसरतो अंगातल्या द्रवाच्या दाबाने. पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय आपोआप पोटाखाली मुडपतात.

आर्द्रतेचं यंत्र आणून त्याचा काटा बघत बसण्यात मी पहिलं वर्ष घालवलं. आता ते अडगळीत आहे. माझी पद्धत साधी आहे. वर सांगितलेल्या तीन जातींना माती कोरडी, फक्त वाटीकडच्या कोपऱ्यात अधूनमधून थोडं पाणी ओतायचं. ज्यांना ओल लागते, त्यांची माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. कोळी सतत भिंतीवर चढून बसत असेल, जमिनीला पाय लावत नसेल, तर बहुतेक वेळा माती त्याला फार ओली आहे. नव्या पेटीत पहिले काही दिवस मात्र हे चालायचंच.

तुम्हाला घरात जे तापमान सुखाचं वाटतं, ते त्यालाही चालतं. २० ते २८ अंश सेल्सियस धरा. तापवायचा दिवा लावू नका, अंग सुकून जातं. पेटीखाली गरम गादी त्याहून वाईट. उन्हापासून वाचायला हा प्राणी खाली खणतो, म्हणजे घाबरून तो नेमका जास्त गरम जागेकडेच जातो. अगदी थंड प्रदेशात राहत असाल तर खोलीच गरम ठेवा. पेटी खिडकीतल्या थेट उन्हात ठेवायची नाही, हेही सांगून टाकते.

५. खाऊ

रातकिडे, पाळीव खाद्यासाठी वाढवलेली झुरळं, मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या). भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा मोठं नको. पिल्लांना तीन-चार दिवसांनी, प्रौढांना एक-दोन आठवड्यांनी एकदा. पिल्लाला जिवंत किडा मोठा वाटत असेल तर मारलेल्या किड्याचा तुकडा ठेवा, तो खातो. मीलवर्मचं डोकं चिमट्याने दाबूनच टाका, नाहीतर तो मातीत घुसतो आणि भलत्या वेळी वर येतो.

घरात किंवा बागेत पकडलेलं झुरळ, नाकतोडा घालू नका. त्याने कुठलं औषध चाटलंय ते तुम्हाला दिसत नाही.

चोवीस तासांत खाल्लं नाही तर किडा बाहेर काढा. आणि उपासाला घाबरू नका. चिलीचा ग्रामोस्टोला रोजिया महिनोन्महिने, कधी वर्षभरही तोंडात घास घेत नाही. पोट गुबगुबीत असेल, पाणी समोर असेल, तर त्याचा उपास त्याला करू द्या. चिंता करायची ती पोट सुरकुतलं, शिरोवक्षापेक्षा (डोकं आणि छाती एक झालेल्या पुढच्या भागापेक्षा) लहान दिसायला लागलं तर. उलट, पोट शिरोवक्षाच्या दुप्पट झालं असेल तर तुम्ही लाड फार करताय. जड पोट जमिनीवर घासतं आणि पडल्यावर लवकर फुटतं.

६. कात: इथे खरी परीक्षा तुमची

कोळ्याचं कवच वाढत नाही, म्हणून तो ते टाकून नवं घेतो. पिल्लू महिन्या-दोन महिन्यांनी, प्रौढ मादी वर्षा-दोन वर्षांतून एकदा. नुसती वरची कातडी जात नाही. विषदंतांचं आवरण, पुस्तकाच्या पानांसारख्या फुप्फुसांचं अस्तर, अन्ननलिकेच्या पुढच्या भागाचं अस्तरसुद्धा निघतं. इतकं सगळं एका बैठकीत सोलून काढणाऱ्या जिवाला काडीने ढोसणं म्हणजे काय, ते मला नंतर कळलं.

आधी दिसणारी लक्षणं: खाणं बंद, हालचाल मंद, रंग विटका. केस उडवून पोटावर टक्कल पडलेलं असेल तर ती जागा आधी फिकट असते, कात जवळ आली की काळसर होते, कारण खाली नवे केस तयार असतात. बिळाचं तोंड मातीने बंद केलं तर उकरून बघू नका. पेटीतले सगळे जिवंत किडे काढा, वाटी काठोकाठ भरा. कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडा कुरतडून खाऊ शकतो. शिकारी कोण आणि शिकार कोण, हे तेव्हा उलटलेलं असतं.

मग तो जाळ्याची सतरंजी विणतो आणि तिच्यावर पाठीवर झोपतो. हे मरण नाही. मरणारा टॅरँट्युला सहसा उलटा पडत नाही. तो उभाच असतो आणि त्याचे पाय पोटाखाली मिटतात. हा एक फरक पाठ केलात तरी तुमच्या कोळ्याचा पाय वाचेल.

पिल्लाचं काम थोडक्यात उरकतं, मोठ्या मादीला कित्येक तास लागतात. या काळात पेटी हलवू नका, पाणी फवारू नका, फोटोसाठी झाकण उघडू नका. कात सुटल्यावर विषदंत पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. पूर्ण काळे झाल्याशिवाय खाऊ नाही. पिल्लांना चार-पाच दिवस, प्रौढांना एक ते दोन आठवडे थांबा. भुकेला दिसतो म्हणून आधी किडा दिलात तर मऊ दात वाकू शकतात.

टाकलेली कात फेकू नका. ओली असतानाच उलगडून पोटाच्या आतली बाजू भिंगाखाली पाहिली तर मादीची शुक्र साठवायची पिशवी दिसते. नर-मादी ओळखायचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग.

कात खरंच अडकली, म्हणजे कोळी बाहेर येता येता तासन्‌तास तसाच थांबला, तर ओल्या ब्रशने अडकलेल्या जागी कोमट पाण्याचे थेंब सोडा. पोटाच्या खालच्या बाजूला फुप्फुसांची तोंडं असतात, तिथे पाणी जाऊ देऊ नका. ओढाताण अजिबात नाही.

७. साफसफाई आणि हाताळणी

रोज पेटी साफ करायची नसते. खाल्ल्यानंतर उरलेली गोळी आणि बुरशी धरलेला भाग चिमट्याने उचला. वाटी धुवा. सगळी माती बदलायची वेळ क्वचित येते, आणि दर वेळी कोळ्याचं घरदार मोडतं, हे ध्यानात ठेवा.

काम करताना चष्मा हवाच. इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रकरण मांडलं होतं. आठवडे उलटूनही बरा न होणारा लाल डोळा घेऊन एक तरुण आला. भिंगाखाली त्याच्या बुबुळाच्या पारपटलात बारीक केस रुतलेले दिसले. तेव्हा त्याला आठवलं, की पेटी घासताना त्याच्या टॅरँट्युलाने केसांचा ढग उडवला होता. त्वचेला खाज आली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून केस उचला, मग धुवा. डोळ्यात गेले तर सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जा.

हातावर घ्यायचा का? तुमच्या हौसेखेरीज त्याला कारण नाही. कोळ्याला माया कळत नाही. तुमचा हात त्याच्यासाठी हलणारी, उबदार जमीन. दचकून तो पळाला तर पडतो, आणि पडल्याचं काय होतं ते वर आलंच आहे. जागा बदलायची असेल तर समोर डबा आडवा धरा आणि मागून ब्रशने हळूच शिवा. तो आपणहून आत जातो.

८. बिघडलं तर

पाय मुडपले: पहिला संशय तहानेवर. उथळ वाटी भरून तोंडाचा भाग पाण्यावर येईल असा त्याला टेकवा, पोट कोरडं राहू द्या. बरेचदा काही तासांत पाय सैल होतात. म्हातारा नर असेल तर मात्र त्याची वेळ झाली असेल.

जखम: कोळ्याचं रक्त फिकट निळसर असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांब्याचं संयुग असतं. पायातून गळत असेल तर मक्याचा स्टार्च (कॉर्नफ्लोअर) चेपा, थांबलं नाही तर सुपरग्लूचा छोटा थेंब. पाय फारच जखमी असेल तर कोळी कित्येकदा तो स्वतःच टाकतो. पोट फाटलं तर याच उपायाने वाचण्याची आशा थोडीच.

तोंडाजवळ पांढरा चिकट थर, घाण वास, खाणं बंद: सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे बारीक जंत. यावर खात्रीचा उपाय नाही आणि लागण पसरते. त्या कोळ्याला वेगळ्या खोलीत हलवा, चिमटा-वाटी वेगळी करा. अशा एका सूत्रकृमीला २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी जेफ डॅनियल्स या नटाचं नाव दिलं, कारण त्याने पडद्यावर कोळ्यांशी लढणाऱ्या डॉक्टरची भूमिका केली होती. नव्या कोळ्याला महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवायचं, ते याच भीतीने.

झटके देत, अडखळत चालणं: याचं नेमकं कारण प्रत्येक वेळी हाती लागत नाही, पण कीटकनाशकाचा संशय आधी घ्या. डासांच्या कॉइल, लिक्विड, फवारे यांतली बहुतेक औषधं संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे, प्राणी मारायलाच बनवलेली असतात, आणि तुमचा लाडका संधिपादच आहे. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांचं औषध लावलेला हातही पेटीत घालू नका. घरात फवारणी होणार असेल तर पेट्या दुसऱ्या घरी हलवा. माझा एक कोळी शेजारच्या खोलीतल्या फवारणीने गेला. दार लावलं होतं, तेवढ्याने भागेल असं मी धरून चालले होते.

मातीवर टुणटुणणारे पांढरे बारीक स्प्रिंगटेल दिसले तर घाबरू नका, ते बुरशी खातात. गोल, सावकाश चालणारे माइट झुंडीने दिसले तर उरलंसुरलं खाणं काढा आणि माती कोरडी होऊ द्या.

९. बाहेरगावी जाताना

प्रौढ टॅरँट्युला दोन आठवडे खाण्याशिवाय आरामात राहतो. निघताना किडे काढा, मोठी वाटी काठोकाठ भरा, झाकणाची कडी दोनदा तपासा. लहान पिल्लं असतील किंवा जास्त दिवस जायचं असेल तर कुणाला तरी किल्ली द्या. त्यांना लांबलचक यादी देऊ नका, लोक यादीपेक्षा उत्साहाने जास्त कामं करतात. मी पेटीवर चिठ्ठी चिकटवून जाते: ‘वाटीत पाणी घाला. पाठीवर पडलेली दिसली तर हात लावू नका, मला फोन करा.’